मास्तरांचे चार आणे

जवळा बाजारात आठवडी बाजाराच्या दिवशी सोयाबीनच्या भावानंतर सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो सटवाजी मास्तरांवरून. बेंजोवाले सटवाजी मास्तर मेले की जिते? सोयाबीनचा भाव निदान संध्याकाळपर्यंत ठरायचा. मास्तरांचं मात्र चार वर्षांत ठरलं नव्हतं.

औंढ्यापासून सेनगावपर्यंत मास्तरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं मुश्कील. त्यांच्या कॅसेटी एके काळी खताच्या दुकानातसुद्धा मिळत, आणि आता त्याच धुना पोरांच्या मोबाईलात वाजत. मास्तरांची तारीख मिळत नाही म्हणून लग्नाची तिथी बदलणारे नवरदेव लोकांनी पाहिले होते. चार वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना सिद्धेश्वरच्या कालव्यात त्यांची मोटारसायकल सापडली, आणि आठवडाभराने, बरंच खाली, देह. पाण्याने चेहरा ठेवला नव्हता. ओळख पटली ती अंगातल्या सोनेरी झालरीच्या लाल डगल्यावरून.

घोळ झाला तो तिथेच. तसले डगले त्यांच्या बँडपार्टीतल्या प्रत्येकाकडे होते.

जित्या पक्षाचा पुढारी लालसिंग, मास्तरांचा ढोलवाला, राहणार तांड्यावर. डगला पार्टीचा, पण आतला माणूस भलताच, असं त्याचं म्हणणं. मग भलता कोण, असं कोणी विचारलं तर पंचाईत व्हायची, कारण पार्टीतली बाकीची सगळी माणसं धडधाकट बाजारातल्याच टपरीवर चहा पीत असायची. त्यावर लालसिंग म्हणे, एक डगला परटाकडे हरवला होता. मास्तर लोकांच्या फर्माइशींना कंटाळले आणि निघून गेले. कोणी त्यांना हैदराबादेत पाहिलं होतं, कोणी साखऱ्याच्या वरातीत, शेवटच्या रांगेत, फेट्याचा शेव तोंडावर ओढून वाजवताना.

कोमल नांदेडहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. या गोष्टी ऐकून ती पोट धरून हसायची. मग एक दिवस साधना दारात येऊन उभी राहिली आणि हसू थांबलं.

साधना ही मास्तरांची मुलगी, कोमलची पहिलीपासूनची मैत्रीण. साखऱ्याच्या हरीशशी तिचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका छापखान्यात अडली होती. बापाच्या नावामागे ‘श्री.’ घालायचं की ‘कै.’? छापखानेवाला मास्तरांचा भक्त. ‘कै.’ त्याने छापलंच नसतं. आणि हरीशचे वडील रामकिशन, सरळ मार्गाचे शेतकरी, त्यांनी नम्रपणे निरोप धाडला होता की ‘श्री.’ असेल तर माणूस कुठे आहे ते सांगा, ‘कै.’ असेल तर इहीणबाईंनी कन्यादानाला बसू नये, चुलत्याला बसवा. इतकी वर्षं साधनाची आई मनकर्णा ठसठशीत कुंकू लावून बाजारात फिरत होती. अर्ध्या गावाच्या लेखी मास्तर जिवंत असल्यामुळे कोणी तोंड उघडलं नव्हतं.

“बाप मेला असला तर आईचं कुंकू जातंय, जिता असला तर आमाला टाकून पळालाय,” साधना म्हणाली. “मला तं दोन्ही नकोय, कोमल. पण आई माझ्या कन्यादानाला बसली पाह्यजे. तू शिकलीस ना? मग एकदाचं काय ते काढ.”

कोमलने काढायचं ठरवलं, आणि तेही रीतसर. मास्तरांच्या वाजवण्यात एक खूण होती. त्यांच्या बेंजोचं एक बटण फार पूर्वी तुटलं होतं आणि त्या जागी त्यांनी चाराण्याचं नाणं चिकटवलं होतं. तो सूर आला की नाण्यावर नख लागून बारीक टक्क आवाज व्हायचा. हा आवाज जुन्या सगळ्या कॅसेटींत होता. मास्तर गेल्यानंतरच्या ज्या ज्या चित्रफितींत ते वाजवतायत असं लोक सांगत, त्या कोमलने मागवल्या, मोबाईलवर आवाजाचा आलेख काढला, आणि जुन्या कॅसेटींच्या आलेखावर ठेवून पाहिला. टक्क टक्क तंतोतंत जुळले. म्हणजे कोणीतरी जुनी कॅसेटच कर्ण्यातून वाजवली होती. साखऱ्याचे मास्तर गेले, हैदराबादचे गेले. कोमल रोज एक मास्तर निकालात काढत होती आणि टपरीवरच्या मेल्या पक्षाने तिला चहा फुकट केला.

उरली एकच फीत, लालसिंगकडची, तांड्यावरच्या एका हळदीत कोणीतरी काढलेली. नाचणाऱ्या बाया, धूळ, आणि कुठून तरी बेंजो. आलेखात टक्क होता. पण ती धून कुठल्याच कॅसेटीत नव्हती. शिवाय वाजवणारा मध्येच चुकत होता, थांबून पुन्हा मागून उचलत होता.

“कुठं बसला होता वाजवणारा?” कोमलने विचारलं.

“म्या ढोल बडवून राहिलो होतो, बाई. मागं वळून कोन बघते?” लालसिंग म्हणाला. “मास्तरच्या वेळंलाबी न्हाई बघितलं कधी.”

ती फीत तिने मनकर्णामावशीला ऐकवली. मावशी शेंगा फोडत बसली होती. तिने हात न थांबवता ऐकलं आणि गालात हसली.

“व्हय, हीच. साधनाच्या लग्नात वाजवायची म्हनून राखून ठेवली होती. पर मधला तुकडा अजून बसना झालाय त्यायला.”

कोमलने मनात एक शक्यता मांडली: पार्टीतल्या कोणीतरी ही धून मास्तरांच्या तोंडून ऐकली असेल आणि तसलंच नाणं लावून वाजवत असेल. खात्री करायला तिने खुंटीवरचा बेंजो मागून घेतला. मावशीने तो अशा हातांनी दिला, जणू पाळण्यातलं लेकरू. तारा गंजल्या होत्या. नाणं काळंकुट्ट पडलं होतं. आवाज तपासायला कोमलने त्यावर नख मारलं, आणि जुना गोंद सुटून नाणं तिच्या मांडीवर पडलं. तिला ओशाळल्यासारखं झालं. मावशी चुलीपाशी गेली होती. नाणं कागदाच्या घडीत घालून तिने पर्समध्ये टाकलं. उद्या नवा गोंद आणून बसवू, कोणाला कळणार नाही.

लग्नघरात उद्या कधी उगवत नाही. पाव्हणे आले, मांडव पडला, कोमल भाज्या निवडण्यात आणि करवल्यांच्या साड्यांना पिना लावण्यात गुंतली. पत्रिकेचा निकाल मनकर्णामावशीनेच लावला होता. ‘श्री.’ नाही, ‘कै.’ नाही, नुसतं ‘सटवाजी मास्तर यांची कन्या’. रामकिशनना ते पटलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी मावशी नवं लुगडं नेसून बाहेर आली, हातात बेंजो. नवरा परगावी असला की बायको शेजारच्या पाटावर सुपारी ठेवून विधीला बसते, तशी रीत आहे. मावशीने सुपारीच्या जागी बेंजो ठेवला. मग करंडा उघडला. मास्तर कुठल्याही लग्नाला निघाले की ती त्या नाण्याला कुंकू लावायची, तेव्हाच ते पहिला सूर काढायचे. आजही तिने बोट बुडवलं. कोमलला पर्समधलं नाणं आठवलं. बोट उघड्या लोखंडी पट्टीवर गेलं. क्षणभर थांबलं. मग तिथे नसलेल्या नाण्याच्या काठाकाठाने गोल फिरलं.

“बसलं बराबर,” मावशी म्हणाली.

 पर्स कोमलच्या खांद्यालाच होती. विधी झाले की बसवू, तिने स्वतःला समजावलं.

नवरदेव मारुतीच्या देवळाशी घोड्यावर बसला होता, तिथून मांडवाकडे परण्याची मिरवणूक निघायची होती. मांडवात पंख्याखाली पाव्हणे बसले होते, जिलेबीचा वास सुटला होता, आणि पाटाजवळ रामकिशन उभे राहिले. आवाज चढवला नाही. मावशीकडे न बघता ते कोमलकडे वळले.

“बाई, तुमी शिकलेल्या. तुमी तपास केला म्हनून ऐकलं. तुमी सांगाल ते मी मानतो. मास्तर हायेत का न्हाईत?”

बायांच्या बांगड्या थांबल्या. साधना मुंडावळ्यांआडून कोमलकडे पाहत होती. मावशी तांदळाचे दाणे पाटावर नीट सारखे करत होती.

कोमलला उत्तर माहीत होतं. मोटारसायकल, डगला, देह. एका फितीने ते बदलत नव्हतं. आणि खोटं बोलायला ती शिकली नव्हती. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात देवळाकडून बेंजो सुरू झाला.

तीच धून होती. सुरुवात संथ, मग जरा खट्याळ, मग तो मधला तुकडा. कोमल नकळत श्वास धरून बसली, चुकेल म्हणून.

चुकला नाही.

धून तुकड्यावरून अशी उतरली, जणू उतारावरून बैलगाडी मोकळी सुटावी. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. करवल्या उठून नाचायला लागल्या. आणि दर काही सुरांनी, स्वच्छ, टक्क.

रामकिशननी टोपी काढली, पुन्हा घातली. मग वाकून त्यांनी बेंजोचा पाट मावशीच्या पाटाला अगदी चिकटवून दिला.

“इहीणबाई, बसा,” ते म्हणाले. “आमच्याकून चूक झाली.”

साधना रडायला लागली आणि हसायलाही. कन्यादान मावशीनेच केलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. लालसिंग जिलेबीचं ताट घेऊन कोमलला शोधत आला. त्याचा लाल डगला घामाने भिजला होता आणि तोंडभर हसू होतं, पण हसू जागेवर राहत नव्हतं.

“बाई, कसं काय वाजलं?”

“छान. कोण होतं बेंजोवर?”

“तेच इचारायला आलो.” त्याने ताट खाली ठेवलं. “पार्टीत बेंजो न्हाईच. कीबोर्ड हाय, त्यो बंद होता. म्या कांड्या वर धरल्या होत्या, ढोलावर मारल्याच न्हाईत. मला वाटलं तुमी मोबाईलवर लावलं.”

कोमलने मोबाईल दाखवला. पिना लावता लावता तो सकाळीच बंद पडला होता.

 लालसिंग ताट उचलून टपरीवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसला. जित्या पक्षाने जल्लोष केला. मेल्या पक्षाने दुसऱ्यांदा मठ्ठा मागवला.

कोमल मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ गेली. पर्सची चेन बंद होती. कागदाची घडी तिने घातली होती तशीच, कोपऱ्यात कोपरा. तिने ती उलगडली.

नाणं होतं. त्यावरचा काळपटपणा गेला होता. काठाकाठाने ओलं कुंकू होतं, बोटाने गोल फिरवून लावलेलं. आणि मधोमध, जिथे नख लागतं तिथे, तेवढंच पुसलेलं.