कोरम

अनुपमाताईंच्या नादी अमरावतीत सहसा कोणी लागत नसे. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी राजापेठेतल्या घरी बसून ब्लॉगवर पुढाऱ्यांची सालटी काढायची, हा त्यांचा नेम. लोकशाहीवर बोलायला जर्मनीचं आमंत्रण आलं, तेव्हा ब्लॉग त्यांनी अकोल्याच्या मैत्रिणीकडे, शकुनकडे सोपवला. "चांदूर बाजारकडचं ते गायरान तेवढं सोडू नकोस," एवढंच बजावलं. सरपंच कुलदीपला गावाचं गायरान एका कंपनीच्या घशात घालायचं होतं, आणि त्यासाठीची ग्रामसभा नेमकी व्याख्यानाच्याच दिवशी होती.

तिकडे पोचल्यावर ताईंनी ब्लॉग उघडला. शकुननं चक्क वऱ्हाडीत लिहिलं होतं. "ऐक वो बाई, गायरान कोनाच्या बापाचं नाही. आमी अजून हाओत."

ताई खूश! सुभद्राबाईची हुबेहूब नक्कल होती ती. सुभद्राबाई म्हणजे गायरानासाठी तहसीलीसमोर ठाण मांडणारी म्हातारी. बिचारी गेल्या पोळ्याला गेली.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी त्यांनी शकुनला फोन लावला. "झकास लिहितेस गं!"

"मी? अगं, डोळ्याचं ऑपरेशन झालं ना माझं. पट्टी आहे अजून. एक अक्षर लिहिलं नाही. रागावलीस का?"

ताईंच्या समोरची कॉफी निवून गेली. कोणीतरी पासवर्ड पळवला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण लिहिलेलं खरं होतं. मग कशाला काढायचं? त्यांनी ते तसंच राहू दिलं.

दुपारी आयोजकांनी सभागृह दाखवलं. माणूस उठला की आपोआप वर मिटणाऱ्या खुर्च्या होत्या. रिकाम्या सभागृहात सगळ्या मिटून उभ्या होत्या.

तेवढ्यात कुलदीपचा फोन आला. "मॅडम, ते लिखान काढा."

"काहून? पडला काय ठराव?"

"कोरम होत नोता. मंग नेहमीसारखी मेलेल्यायची हजेरी लावली." त्याला धाप लागली होती. "इरोधात कोन, म्हनून इचारलं. तं मांगून हात वर झाले."

"कोणाचे?"



"पयला सुभद्राबाईचा. सभा संपली मॅडम, आमी घरी आलो. ते बसूनच हायेत. तुमी लिहा ना, उठा म्हनून."

ताईंच्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त संताप आला.

"हजेरी तूच लावलीस ना? जिवंतपणी तिला कधी माईक दिला नाहीस. आता ऐक तिचं. मी एक ओळ काढणार नाही, काय करायचं ते कर!"

संध्याकाळी ताईंनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि गायरानाचीच गोष्ट सांगितली. सभागृह अर्धंच भरलं होतं. सगळे पुढे बसले होते.

मध्येच समोरचा मोबाइल उजळला. ब्लॉगवर नवीन ओळ आली होती.

"ऐक वो बाई, गावातलं काम झालं. आता तुयं भाषन आयकाले आलो."

ताईंनी मान वर केली. त्यांनी सरळ वऱ्हाडीतच विचारलं, "मांगं आयकू येते काय?"

पुढच्या लोकांनी वळून पाहिलं.

मागे कोणीच नव्हतं. फक्त शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या मिटलेल्या नव्हत्या.