गोल नळीचा हट्ट

कॅनबेरात सप्टेंबर लागला की मॅगपाय पक्षी घरटी राखायला बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात चोची मारत सुटतात. त्यामुळे आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालून कोणी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये शिरलं, तरी कोणी मान वर करत नाही. ब्रॉन्विननेही केली नसती. पण त्या डब्याखालचा माणूस सरळ तिच्या टेबलाशी आला आणि ती जोडत बसलेल्या मण्यांच्या नळीतला एक मणीच त्याने उपटला!

"ए! काय करतोयस?"

"हा जास्तीचा आहे. बोरॉन ना? सगळी घरं भरलीस तर नळी टिकायची नाही. मधली काही रिकामी ठेवावी लागतात."

मला शिकवतोय! तिची तीन वर्षं यातच गेली होती. मणी चुकून बसला होता, इतकंच... पण ते कबूल कोण करणार?

"तू कोण रे टिकोजीराव?"

"फर्गस. डनिडनहून आलोय, महिन्याभरासाठी. तुझ्या शेजारच्याच खोलीत बसतो." डबा काढून तो हसला. आणि ते हसू असं, की धड रागावताही येईना. तिला त्याचाच जास्त राग आला.

मण्यांची नळी ही नुसती नक्कल. खरी होती संगणकात, बोरॉनच्या अणूंच्या त्रिकोणी जाळीची, केसाहून कितीतरी बारीक. ती टिकते एवढं दाखवलं की प्रबंध पुरा. पण दर वेळी गणिताच्या शेवटी एक कंपन ऋण यायचं, आणि एक जरी ऋण आलं तरी नळी कोसळणार. शुक्रवारी सगळ्या गटापुढे बोलायचं होतं, आणि ते मेलं कंपन हटत नव्हतं.

फर्गसही हटत नव्हता. रोज दारात हजर.

"सममितीचं कुलूप काढलंस का?"

"काढलंय!"

"नक्की?"

"तुला चहाबिहा नसतो का रे कधी?"

"असतो ना. येतेस?"

आणि ती जायची. रोज चरफडत, पण जायचीच.

कुलूप तिने काढलं नव्हतं. ते असलं की सगळे अणू एकमेकांच्या तालावर हलतात आणि नळी कशी बांगडीसारखी गोल राहते. तिला ती गोलच आवडायची. काढलं आणि सगळंच कोसळलं तर? तीन वर्षं पाण्यात!

बुधवारी चहा घेताना तो म्हणाला, "सोमवारी निघायचंय. तुझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, हवं तर वर्षभर राहा. पण राहायला काहीतरी कारण पाहिजे ना..."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने बशीतल्या केकचा चुरा केला.

"मॅगपाय आहेत की," ती म्हणाली. आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घालत बसली.

गुरुवारी सकाळी ऋण आकडा पुन्हा आला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. "पड बाई, पड एकदाची!" म्हणत तिने कुलूप काढलं.

दुपारी उत्तर आलं. काही अणू आत सरकले होते, काही बाहेर. गोलपणा गेला होता, इस्त्री न केलेल्या बाहीसारखी नळी चुरगळली होती. पण कंपनं सगळी धन! नळी उभी होती.

ती धावत सुटली. फर्गस निलगिरीखाली सायकल सोडवत होता, डोक्यावर डबा.

"फर्गस! कुलूप काढलंच नव्हतं मी!"

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"रोज विचारत तर होतो!"

"उभी राहिली ती. वाकडीतिकडी झाली, पण राहिली." तिला धाप लागली होती. "आणि... तू जाऊ नकोस."

"कारण?"

"कारण डोंबल तुझं! आवडतोस मला, म्हणून— आई गं!"

मॅगपायने नेम साधला होता. फर्गसने डोक्यावरचा डबा काढून हळूच तिच्या डोक्यावर ठेवला. हात मात्र तिच्या कानाशीच राहिला.

"राहतो," तो म्हणाला.

पुढची चोच त्याच्या टाळूवर बसली.

"राहतो म्हटलं ना!" तो वर बघून ओरडला आणि तिचा हात धरून पळाला.