जॉयचं सुतक

ऊस भरलेला ट्रॅक्टर गप्प जाताना जळोचीत कुणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या हंगामात एका सकाळी नागेशचा ट्रॅक्टर टेप न वाजवता कालव्याच्या पुलावर आला, तेव्हा धुणं धुऊन घरी निघालेल्या सुकन्याला आधी वाटलं, आपल्याच कानात पाणी गेलं असावं.

पुलावर म्हशी आडव्या आल्या आणि ट्रॅक्टर थांबला. म्हशींना घाई नव्हती. सुकन्यालाही नव्हती.

"टेप बिघडला काय?" तिनं विचारलं. हंगाम सुरू झाल्यापासून दोघं रोज एकमेकांकडं न बघण्याचं काम मन लावून करत होती. बोलणं हे पहिलंच.

"न्हाय," नागेश म्हणाला. "सुतक हाय."

"कुणाचं?"

त्यानं मागच्या ट्रॉलीकडं नुसती मान वळवली. त्याच्या गावच्या, सणसरच्या, बाकीच्या ट्रॉल्यांवर आईवडिलांचा आशीर्वाद रंगवलेला असे. ह्याच्या फळीवर लाल अक्षरांत एकच शब्द होता… जॉय.

"मला ठाऊक हाय," ती हळूच म्हणाली. "पण सुतक धरायचं, हे सुचलं न्हाय."

म्हशी गेल्या. ट्रॅक्टरही गेला. धुण्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत राहिलं.

जॉय कामत हा मुंबईचा पॉप गायक. ऐन तिशीत, तापाचं निमित्त होऊन गेला. त्या दिवशीच्या पेपरात उसाच्या दराच्या पहिल्या उचलीला आठ कॉलम मिळाले होते, आणि जॉयला त्याखाली बोटभर जागा, नखाएवढा फोटो. सुकन्यानं त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो असा, मेल्यावर. घरात टेप नव्हता. तिचा जॉय होता तो सगळा ट्रॅक्टरवरचा. गाणं वळणावरच्या लिंबापाशी उगवायचं, अंगणासमोर मोठं व्हायचं आणि पुलापलीकडं आपला शेवट सोबत घेऊन निघून जायचं.

तरी ती गोठ्यात जाऊन पोटभर रडली. आईनं विचारलं तेव्हा वैरणीच्या धुळीवर ढकललं. मागल्या साली चुलते गेले, तेव्हा बायकांत बसून तिला ओढणीआड कोरडे डोळे लपवावे लागले होते. तिथं नातं होतं, रीत होती, फक्त रडू नव्हतं. इथं सगळं रडूच होतं. ज्यानं जळोचीचं नावही कधी ऐकलं नसेल, त्याच्यासाठी कुठल्या नात्यानं रडायचं? 'सुतक' म्हटल्यावर मात्र त्या रडण्याला बसायला पाट मिळाल्यासारखं झालं.

शिवाय रविवारी बावड्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि सुतकात बघण्याचा कार्यक्रम होत नाही. हे तिला नंतर सुचलं, असं ती स्वतःला सांगत होती.

तिचे वडील कुंडलिकराव म्हणजे भावकीतला शेवटचा शब्द. कुणाला किती सुतक, हे गाव त्यांना विचारून ठरवी. लेकीनं जॉयचं सुतक जाहीर केलं तेव्हा ते चिडले नाहीत. नियमाच्या माणसाला नियम मोडणाऱ्याचा राग येतो, जादा पाळणाऱ्याचं काय करावं हे त्याला उमगत नाही.

"धा दिस पाळायचं तर पुरतं पाळ," ते म्हणाले. "तेलपाणी न्हाय, देऊळ न्हाय, गाणं न्हाय. बावड्याला मी कळवतो." मग बशीत चहा ओतत पुढं म्हणाले, "पर सुतक धरलं म्हंजी भावकी झाली. त्या सणसरच्या पोरानंबी धरलंय म्हणं. म्हंजी तो तुझा भाऊ लागला."

बशी खाली ठेवून ते बाहेर गेले. हसले की काय, ते मिशीमुळं कळलं नाही.

सुकन्या ती बशी उचलून विसळत बसली. सुतक पाळावं तर नागेश भाऊ होतो. सोडावं तर… जॉयला आपलं म्हणणारं जळोचीत दुसरं होतं कोण? ती दिवसभर घुटमळली. आई तेलाची वाटी घेऊन आली, तेव्हा मात्र तिनं ती हातानं बाजूला सारली.

चौथ्या दिवशी सकाळी लिंबापासून गाणं आलं. नेहमीसारखं, खणखणीत.

सुकन्या कोरड्या केसांनिशी उठली आणि पुलाच्या मधोमध, म्हशींच्या जागी जाऊन उभी राहिली.

"संपलं सुतक?" ट्रॅक्टर थांबताच ती म्हणाली. "एवढाच होता व्हय तुमचा जॉय?"

नागेशनं टेप बारीक केला. बंद नाही केला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"तुमच्या वडलांनी टपरीवर सांगितलं. मी न इचारता. एकाच मयताचं धा दिस दोघांनी धरलं, तर ती भैन-भाव."

"मग?"

"मग मी इचारलं, सोयऱ्याला किती? म्हणाले, तीन." तो स्टेअरिंगकडं बघत होता. "जॉय तुमच्या भावकीत ऱ्हाऊ द्या. तुमी धा पाळा. मी तीन पाळलं. मी… सोयरा."

कालव्याचं पाणी पुलाखालून सावकाश गेलं.

"सोयरा कवापासनं?"

"आजपासनं. तुमी हूं म्हणला तर."

"आन न्हाय म्हणलं तर?"

"तर ऱ्हायलेलं सात पाळतो. आन भाऊबीजेला येतो."

सुतकात हसू नये म्हणून तिनं ओढणी तोंडाशी नेली. ओढणीनं डोळे काही झाकले नाहीत.

"भाऊबीजेला येऊ नका," ती म्हणाली. "दहावा झाला की या. घरातलं मोठं माणूस घेऊन."

नागेशनं घाईनं गिअरला हात घातला.

"थांबा. गाणं संपू द्या."

"सुतकात ऐकत न्हाईत."

"मी कुठं ऐकतीय? तुमचा टेप वाजतोय."

मागं उसाच्या बैलगाड्या तुंबल्या. गाडीवान नागेशच्या सात पिढ्यांची आठवण काढू लागले. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. गाणं तिच्या ओळखीचा रस्ता ओलांडून पुढं गेलं. शेवटी वाद्यं थांबली, जॉय एकटाच एक ओळ गुणगुणला, आणि आपल्याशीच बारीक हसला. ते हसू कॅसेटमधून काढायचं कुणीतरी विसरून गेलं होतं.

सुकन्यानं डोळे पुसले. ह्या खेपेला वैरणीचं नाव घ्यायचं कारण नव्हतं.