मागं सोडलेली जागा

महेंद्रचा सगळा दिवस मापं घेण्यात जाई. सणसवाडीच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता. ब्रेकचे सुटे भाग त्याच्या टेबलावर येत, तो व्हर्नियर लावी, आकडा लिही, आणि आकडा चुकला की भाग बाजूला टाकी. मशीनवरची माणसं कुरकुरत, एवढ्यानं काय बिघडतंय म्हणत. महेंद्र वाद घालत नसे. आकडा दाखवी आणि पुढचा भाग उचली.

२००९ च्या दिवाळीत त्यानं बत्तीस इंची पातळ टीव्ही घेतला. चित्र झकास होतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्याचं एकट्याचं भागलं असतं. मायाचं भागत नव्हतं. ती तीन वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर होती. कानात बोळे घालायला तिथं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा डावा कान गेला होता. सिनेमा लागला की ती विचारी, "काय म्हणाला तो?" महेंद्र सांगेपर्यंत पुढचं बोलणं निघून जाई. मग तिनं विचारणं सोडलं. नुसती तोंडं बघत बसायची, आणि दुसरं कुणी हसलं की हसायची. ते महेंद्रला बघवेना. चांगला स्पीकर घ्यायचाच, असं त्यानं ठरवलं.

पण घ्यायचा कुठला? हॉल दहा बाय अकरा. त्याचा दोस्त इंद्रजीत याच्याकडं पाच डब्यांचा सेट होता. सगळ्या घरात वायरींचं जाळं, आणि मागचे दोन डबे ठेवायला इंद्रजीतनं कपाट हलवलेलं. तेवढी जागा इथं नव्हती. मग महेंद्रनं दोन डबे आणि एक धमधम्या, म्हणजे सबवूफर, असा सेट बघायला म्हणून आणला. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरचे हौसराव वर आले.

बिल्डिंग ज्या रानात उभी राहिली ते रान हौसरावांचं होतं. जमीन गेली तरी मालकी अंगातून गेली नव्हती. महेंद्र राहायला आला त्या दिवशी त्यांनी जिन्यात नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. केडगाव म्हटल्यावर केडगावात कुठं, ते विचारलं. उत्तर ऐकून मान हलवली आणि पाच महिने पुन्हा बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र दारातूनच त्यांनी हॉल न्याहाळला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर त्यांची नजर थोडी थांबली, आणि म्हणाले, "हितं माणसं ऱ्हात्यात. तुमच्या वस्तीवानी लाउडस्पीकर चालायचा न्हाई." महेंद्रनं सेट परत केला. त्या रात्री तो जेवला नाही.

शिरूरच्या बाजारपेठेत पोपटचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. पोपट जुना ओळखीचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आतून एक लांबट खोकं आणलं. खोकं उघडलेलं होतं. आत हातभर लांब, काळी, जड पट्टी होती. साउंडबार म्हणतात म्हणाला. मागं डबे नकोत, वायरी नकोत. पट्टीतून आवाज निघतो, भिंतीवर आपटतो आणि फिरून माणसाच्या पाठीमागून येतो. बोलणं तर असं स्वच्छ, की समोर बसून कुणी बोलावं. फक्त बसायची जागा भिंतीपासून चार फूट पुढं घ्यायची, आवाजाला वळायला मागं मोकळी जागा लागते.

हा कुणाचा परत आला, महेंद्रनं विचारलं. पोपट खोक्याच्या कडेवरची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिला. वडगाव रासाईच्या एका मास्तरांनी नेला होता, पण परत घेऊन आल्या त्यांच्या बाई.

"खराबी काय?"

"खराबी न्हाई. घर बरोबर मोजंना म्हणाल्या." पोपटनं खोकं मिटलं. "मास्तर बाहेर रिक्षातच बसून ऱ्हायले. माझा शाळेपासूनचा मानूस. दोन हाका मारल्या, तर ओळख न्हाई दाखवली."

तीन दिवस लावून बघा, नाही आवडला तर आणून द्या, असं त्यानं सांगितलं. महेंद्रनं खोकं मोटारसायकलला बांधलं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. दुपारी दोघांनी मिळून लोखंडी दिवाण मागच्या भिंतीपासून चार फूट पुढं ओढला. हॉल एकदम लहान झाला. दिवाणामागं एक रिकामी बोळ तयार झाली, ना चालायच्या उपयोगाची ना बसायच्या. माया म्हणाली, पाठीमागं असं मोकळं असलं की मन लागत नाही. होईल सवय, तो म्हणाला.

पट्टीबरोबर अंगठ्याएवढा माईक होता. तो दिवाणावर ठेवायचा, बटण दाबायचं आणि सगळ्यांनी तीन मिनिटं बाहेर जायचं. पट्टी स्वतःच आवाज सोडते, भिंती किती लांब आहेत ते मोजते आणि टीव्हीच्या पडद्यावर आकडे देते. महेंद्रला ही गोष्ट फार आवडली. दोघं जिन्यात उभे राहिले. आतून पाखरांच्या चिवचिवाटासारखे आवाज आले, मग फुसफुस, मग शांतता.

आत आल्यावर त्यानं आकडे वाचले. डावी भिंत बरोबर. उजवी बरोबर. मागची भिंत दोन मीटर नव्वद.

त्यानं टेप काढला. मागची भिंत तीन मीटर तीस होती. दोनदा मोजली, तीन मीटर तीसच. चाळीस सेंटिमीटरची चूक, तीही एकाच बाजूला. त्यानं मोजणी पुन्हा लावली. पुन्हा दोन नव्वद, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: खोलीत कोणी असल्यास बाहेर जाण्यास सांगावे.

खिडकीच्या पडद्याचं कापड आवाज अडवत असेल, तो म्हणाला, आणि पडदा काढून ठेवला.

संध्याकाळी सिनेमा लावला. माया पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या आधी हसली. मग पुन्हा हसली. मध्येच त्याच्याकडं वळून तिनं एक आख्खं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि तिचे डोळे भरून आले. महेंद्रनं तेव्हाच ठरवलं, पट्टी ठेवायची. चाळीस सेंटिमीटर गेले उडत. असा विचार त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला होता.

शुक्रवारी पहिली पाळी करून चारच्या सुमारास तो घरी आला, तर माया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली. तोंड उतरलेलं.

"घरी येऊन असं बोलायचं असलं तर येत जाऊ नका दुपारचं," ती म्हणाली.

तो दुपारी आलाच नव्हता. तिनं ते मानलं नाही. जेवून ती मालिका बघत बसली होती आणि हा मागून म्हणाला, सरक. ती थोडी सरकली. हा पुन्हा म्हणाला, सरक. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाजात असा राग होता की ती उठूनच उभी राहिली. वळून बघितलं तर हा निघून गेलेला.

"माझाच आवाज होता?"

"तुमचा मला कळत न्हाई होय?"

एका कानानं आवाजाची दिशा कळत नाही, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. शेजारचं काही ऐकू आलं असेल, मालिकेतलं असेल. महेंद्रनं तिला असं बरंच समजावलं. मग तिला खाली पाठवून त्यानं मोजणी लावली. दोन मीटर बासष्ट.

शनिवारी दोन मीटर पंचवीस. दिवाणाची मागची कड दोन मीटर दहावर होती.

घरात भुताखेताचं नाव काढायची रीत नव्हती. त्याच्या बापानं, म्हाळूनं, दीक्षा घेतल्यावर घरातला अंगारा-धुपारा नदीत सोडला होता, आणि महेंद्र त्याच तालमीत वाढला होता. आकडा चुकतो तेव्हा एक तर भाग चुकीचा असतो नाही तर मोजायचं गेज. तिसरं काही नसतं. पण शनिवारी संध्याकाळी सिनेमा चालू असताना, दोन हिंदी वाक्यांच्या मधल्या जागेत, त्यालाही तो शब्द ऐकू आला. मराठीत. अगदी मानेजवळ. त्यानं मायाकडं बघितलं. ती आधीच दिवाणाच्या टोकाला सरकून बसली होती, एक पाय खाली टेकवून.

उद्या नेऊन देतो, तो म्हणाला.  ती एवढंच म्हणाली, की हे गेल्यावर पुन्हा ऐकू येणार नाही.

रविवारी तो पाळीवरून आला. शिरूरला निघण्याआधी एकदाच तपासायचं, असं त्याच्या मनात होतं. गेजवर शंका आली की कारखान्यात माहीत असलेल्या मापाचा तुकडा लावून बघतात. गेज बरोबर असलं तर तेच माप दाखवतं. महेंद्रनं दिवाणामागच्या मोकळ्या जागेत दोन मीटर सत्तरवर खडूनं रेघ मारली. माया दूध आणायला खाली गेली. त्यानं दार लोटलं, माईक ठेवला, बटण दाबलं आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. पट्टीनं दोन सत्तर दाखवलं, तर गेज ठीक. मग पुढचा विचार.

बाहेर चारचं लख्ख ऊन होतं. हायवेवरून कंटेनर जात होते.

चिवचिव सुरू झाली. आवाज भिंतींवरून फिरून त्याच्या पाठीमागून येत होता. मग फुसफुस. मग शांतता, आणि ती शांतता जिन्यातून ऐकताना वाटे तशी नव्हती. त्याच्या पाठीमागं कुणी तरी श्वास रोखून उभं होतं.

"सरक."

आवाज त्याचा स्वतःचाच होता.

सरकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. ठरवलं तेव्हा त्याचा उजवा पाय रेघेवरून बाजूला गेलेला होता.

त्याच्या अंगाला घासून काही तरी पुढं गेलं.

पडद्यावर आकडे आले. डावी भिंत बरोबर. उजवी बरोबर. मागची भिंत तीन मीटर तीस. खाली ओळ होती: खोली रिकामी आहे. मोजणी पूर्ण.

त्यानं आकडा पुन्हा वाचला. तो तर मधे उभा होता.

दार वाजलं. माया दुधाची पिशवी घेऊन आत आली.

"माया, हे बघ," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला. "अहो," तिनं हाक मारली. त्यानं ओ दिली. ती बाहेर आली, हॉलभर बघितलं. तिची नजर त्याच्यावरून गेली, भिंतीवरून जावी तशी, आणि दिवाणावर थांबली.

"हितंच हाय की," ती म्हणाली. "मग ओ का देत नव्हता?"

दिवाणावर नुसता माईक होता. माईकशेजारची गादी खोल दबलेली होती.

उघड्या दारात हौसराव येऊन उभे राहिले. तो पाखरांचा आवाज ऐकून आले होते. त्यांनी दिवाणाकडं बघितलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "बसा, बसा, महेंद्रराव," ते म्हणाले. "उठू नका. म्हटलं, कसला आवाज ते बघावं." मग त्यांनी मान तिरकी करून काही तरी ऐकलं आणि मोकळेपणानं हसले. मायाही हसली. महेंद्रला काहीच ऐकू आलं नाही. तो ओरडला. हौसराव पायऱ्या उतरून गेले.

मायानं दार लावून घेतलं. पट्टीची पिन काढली, पट्टी पुसून खोक्यात ठेवली.

"आता ही मागची जागा कशाला मोकळी ठेवायची?" ती म्हणाली. "लावून टाकू भिंतीला."

तिनं पदर खोचला आणि दिवाणाचं एक टोक धरलं. दुसरं टोक उचललं गेलं.

"माया, थांब," महेंद्र म्हणाला. त्याची पाठ भिंतीला लागली होती.

लोखंडी पाय फरशीवरून करकरत आले. चार फूट, तीन, दोन. माया खाली बघून ढकलत होती. खडूची रेघ दिवाणाखाली गेली.

दिवाण भिंतीला जाऊन टेकला. मधे काहीच अडलं नाही.