तळ्यावर सुटलेली स्लेज

टुरिडला कुत्र्यांचा भारी नाद. आठवडाभर गावच्या दवाखान्यात सुया टोचायच्या आणि रविवारी सहा कुत्री स्लेजला जुंपून बर्फावर भटकायचं. ना शर्यत, ना कमाई. ती कुत्र्यांचे पंजे चोळायला बसली की नवरा, आस्लाक, चिडवायचा, "माझे पाय कधी चेपलेस का गं असे?"

त्या रविवारीही जेवण आटोपून ती निघाली. डिसेंबरची दुपार. इतक्या उत्तरेला ते सूर्य उगवण्याचे दिवस नव्हतेच, नुसता निळसर उजेड. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध ब्रूसे या कुत्र्याचा पाय दोरीत अडकला. टुरिडनं स्लेज अडवून ठेवायचा लोखंडी आकडा बर्फात रोवला, उतरून दोरी सोडवली. ती वळते न वळते तोच आकडा उखडला आणि स्लेज निसटली.

"सिल्ला! थांब!"

सिल्ला सगळ्यांत पुढे जुंपलेली, एका हाकेत थांबणारी. तिनं कानसुद्धा हलवला नाही. टुरिड धावली, पडली, पुन्हा धावली. स्लेज ठिपक्याएवढी झाली, तेव्हा लांबून एका बाईचा आवाज आला...

"सिल्ला, थांब."

कुत्री जागच्या जागी थांबली. कुणीतरी स्लेजवर चढलं. आणि स्लेज सावकाश घराच्या दिशेनं निघाली.

दोन तास टुरिड स्लेजनं पाडलेल्या चाकोरीतून चालली. हाका मारून घसा बसला. घर दिसलं तेव्हा खिडकीत दिवा होता. कुत्री आपापल्या जागी बांधलेली, त्यांच्या पंजांवरचे मोजे काढलेले, भांडी चाटूनपुसून लख्ख. तिच्या जिवात जीव आला. ती सिल्लाजवळ गेली.

सिल्लानं दात विचकले. मग सहाही कुत्री तिच्यावर भुंकू लागली, परक्या माणसावर भुंकावं तशी.

आस्लाक बाहेर आला. "कोण आहे?"

"अरे, मी! स्लेज कुणी आणली?"

त्यानं विजेरीचा झोत तिच्या तोंडावर धरला. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. "वाट चुकलात का, बाई?"

"आस्लाक... थट्टा पुरे. मी टुरिड."

तो एक पाऊल मागे सरला. आतून आवाज आला, "दार लाव रे, गारठा येतोय."

टुरिडचा स्वतःचा आवाज!

"कुणीतरी बाई आलीय गं. काहीतरी बरळतेय."

"तू आत जा. मी बघते."

तो आत गेला. दारात एक बाई येऊन उभी राहिली. टुरिडचाच चेहरा, टुरिडचाच स्वेटर. कुत्री गप्प झाली, शेपट्या हलवू लागली. 

ती बाई जवळ आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती.

"रडू नकोस," ती कुजबुजली. "पहिले काही दिवस जड जातात, मलाही गेले... मग थंडी वाजत नाही."

दार लागलं. आतून कडी सरकली. टुरिडनं दारावर मुठी आपटल्या, पुन्हा पुन्हा आपटल्या. आतली दोघं बोलत होती, हसत होती. एकाही ठोक्याचा आवाज होत नव्हता.