इल्वाची नाव

"ए, तो माझा खेळ आहे!"

मी दारातूनच ओरडले. बाहेर गारा पडत होत्या, माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि दुकानाच्या मागच्या सोफ्यावर – माझ्या सोफ्यावर! – एक अनोळखी तरुण पाय पसरून माझा गेम खेळत होता.

डनीडन शहरातल्या त्या जुन्या गेम्सच्या दुकानात कुणीही बसून खेळावं. नियम एकच, दुसऱ्याच्या सेव्ह केलेल्या खेळाला हात लावायचा नाही.

"सॉरी, मला वाटलं सगळ्यांचा एकच असतो," तो धडपडत उठला. "पण खूशखबर आहे. मी किल्ला जिंकून दिलाय तुला."

"किल्ला? आणि इल्वाची नाव? ती दुरुस्त केलीस आधी?"

"इल्वा कोण?"

इल्वा म्हणजे गेममधल्या नदीवरची नावाडीण. तिची नाव दुरुस्त करायच्या आधी किल्ल्यावर गेलं, की ती गाव सोडून जाते. कायमची. किती दिवस मी तिच्यासाठी फळ्या आणि डांबर गोळा करत होते, आणि या पठ्ठ्याने एका दुपारी सगळं पुसून टाकलं. मला खरंच रडू फुटलं.

तो पार गडबडला. हातातला अर्धा चीज रोल त्याने माझ्यापुढे धरला. "गरम आहे अजून... मी कॅलम. पहिल्यापासून खेळू या? तू खेळ, मी नुसता बघेन."

नुसतं बघणं त्याला कुठलं जमायला! काम सुटलं की आम्ही दोघं त्या सोफ्यावर, आणि त्याची टकळी सुरू.

"मेरेआना, तिकडे राजा मरायला टेकलाय आणि तू कोंबड्या शोधतेयस?"

"म्हातारीच्या हरवल्यात. आधी छोटी कामं, मग मोठं."

"आणि कुणाशी बोलायच्या आधी दर वेळी सेव्ह? असं कोण बोलतं?"

"शहाणी माणसं. चुकीचं बोललं तर मागे जाता येतं."

"भित्री माणसं!" तो हसला. हसला की त्याचे कान हलायचे... आणि मग कसल्या कोंबड्या नि कसलं काय!

एके दिवशी तो सहज म्हणाला, "समुद्रापार होबार्टला बोलावतायत. होड्यांच्या कारखान्यात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"वा, छान," मी म्हणाले. त्याची आवडनिवड, त्याच्या आईची गुडघेदुखी, मी सगळी चौकशी केली होती. मनातली मोठी गोष्ट तेवढी मागे ठेवली होती.

गुरुवारी इल्वाची नाव तयार झाली. स्क्रीनवर ती वल्हं घेऊन उभी राहिली. "मी इथेच राहू, की जाऊ?"

"सेव्ह कर," कॅलम हळूच म्हणाला.

मी कंट्रोलर खाली ठेवला. "कॅलम... मला तू आवडतोस. खूप. तू गेल्यावर हे सांगायला मला मागे येता येणार नाही, म्हणून आत्ता सांगतेय."

त्याचे कान लालबुंद झाले.

"मी अजून कळवलंच नाही त्यांना," तो म्हणाला. "कोंबड्या शोधत बसलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मोठं काम मागे ठेवलं, बाई! वाटलं, तू म्हणशील, थांब. आणि तू म्हणालीस, वा, छान!"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. "मग आता म्हणते. थांब."

"इथे जवळच, पोर्ट चामर्सच्या धक्क्यावरही माणूस हवाय. होड्या तिथेही दुरुस्त होतात," असं म्हणत त्याने माझा गारठलेला हात हातात घेतला. "थांबतो."

स्क्रीनवर इल्वा अजून ताटकळत उभी होती.

"तिलाही सांग की," तो म्हणाला.

मी सेव्ह न करताच 'राहा'चं बटण दाबलं.