लाखेनं बंद केलेला निरोप

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी जव्हारला जाऊन कुतुबुद्दीन चाचांना विचारावं. ते सांगणार नाहीत. पण त्यांचा चेहरा बघा.

गेल्या वर्षी, चौदा मे. भर दुपार. चाचांच्या वह्या बांधायच्या दुकानात मी आणि माझा काका सावळा बसलो होतो.

आमच्या घराची जुनी कुडाची भिंत पाडताना काकाला वेळूची नळी सापडली होती. तोंड लाखेनं बंद. आत मोडीतलं पत्र. जव्हारात मोडी वाचणारे चाचाच, म्हणून त्यांच्याकडे आणलं. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता.

"मुद्दाम असं लिहिलंय," चाचा म्हणाले. "प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवलंय."

ते एकेक अक्षर मागे घेत गेले.

'परवा गोरे घाटात येतील. आम्ही खाली अडवतो, तुम्ही वरून या. तुमच्याशिवाय आम्ही टिकणार नाही.'

आमच्याकडे गोष्ट वेगळी सांगतात. इंग्रजांविरुद्धच्या बंडात आमच्या नाईकाने मोखाड्याकडच्या नाईकाला निरोप धाडला. निरोप्या आमचा खापरपणजोबा. त्याने निरोप पोचवला, पण ते आलेच नाहीत. आमची एकसष्ट माणसं मेली. त्या नाईकाच्या पाड्याशी आजही सोयरीक नाही.

आणि नळीची ती लाख त्याच सकाळी आम्ही फोडली होती.

निरोप गेलाच नव्हता.

माझं डोकं फिरलं. माझ्या बहिणीचं, हौशीचं, त्या पाड्यातलं लग्न याच काकाने मोडलं होतं. 'गद्दारांचं रक्त' म्हणून.

"जाळून टाकू," काका म्हणाला. "कोणाला कळायचं नाय."

"मला कळलंय ना."

त्याने काडी ओढली. विझली. दुसरी ओढली… विझली.

वारा नव्हता. पंखा बंद होता.

मग रस्त्यावरचा आवाज गेला. जीपवाले, माणसं, कावळे… काहीच नाही.

आणि पावलं आली. अनवाणी. साठेक माणसांची.

दाराशी थांबली. दार उघडंच होतं. बाहेर नुसतं ऊन…

"कोणाच्या घरात होतं?"

उन्हातून आलेला तो आवाज चढला नव्हता. पण इतका राग मी कधी ऐकला नाही.

"सांग," मी काकाला म्हणालो.

"आमच्या."

पावलं आत आली… परत बाहेर गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन त्या पाड्यात गेलो. हौशीशी लग्न मोडलेल्या मुलाच्या आजीने, नवशीने, सगळं ऐकून घेतलं.

"पिढ्यान् पिढ्या शिव्या आमी खाल्ल्या," ती म्हणाली. "आता आलास. पोराचं लगीन झालं माझ्या."

तेव्हापासून काकाच्या मागे पावलं वाजतात. तो थांबला की थांबतात. मला त्याची कीव येत नाही.

पण परवा काका बाजाराला गेला होता. घरात मी एकटा.

पावलं वाजली… माझ्या मागे.

"मी तर सांगून आलो," मी म्हणालो. "माझं काय चुकलं?"

मग काकाचं उत्तर आठवलं, 'आमच्या.' घर माझंही होतं. पावलं गेली नाहीत.